सोयाबीनचा गुडघा

घराचा स्लॅब टाकला तेव्हा दहा एमएमची एक सळई उरली होती, साधारण कमरेएवढी. लोहाराकडून तिचं एक टोक थोडं टोकदार करून घेतलं आणि दुसऱ्या टोकाला लेकीच्या जुन्या सायकलची मूठ बसवली. तेव्हापासून ती पडवीत पेरणीच्या पांभरीशेजारी उभी असते. चांगला पाऊस होऊन दोन-तीन दिवस झाले, की वावरात जायचं आणि ती दाबून बघायची. आमच्या वावरात पहिले सहा-सात इंच ती काही न म्हणता जायची. मग एकदम टक्क. अंगाचा सगळा भार टाकला तरी पुढे जायची नाही, मूठ मात्र हातात फिरायची.

आमचं वावर पारोळा तालुक्यात, बोरी नदीपासून फार लांब नाही. काळी, भारी जमीन. आमचे हे सुरतला कापड मिलमध्ये, त्यामुळे वावर माझ्याकडे आणि सासऱ्यांकडे. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही तेच म्हणते. कपाशी, मका, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, हे नेहमीचं. सोयाबीन आम्ही 2018 पासून लावतो.

2021 च्या श्रावणात पावसाने पंधरा दिवस दडी मारली आणि सोयाबीन दुपारी मान टाकायला लागलं. मला वाटलं रोग असेल, म्हणून एक झाड मुळासकट खणून काढलं. सोटमूळ सरळ खाली गेलं होतं, पण सात इंचांवर त्याने चक्क गुडघा मोडला होता. तिथून ते आडवं झालेलं, जाड, बुटकं, आणि पुढचे पाच इंच जमिनीला समांतर. बाजूची आणखी चार झाडं काढली, चारही तशीच. वर झाड मांडीएवढं उंच आणि खाली बैठक मारलेली. सळई जिथे टक्क म्हणायची तिथेच हे गुडघे होते.

हे कशाने झालं हे कळायला फार शिकायला लागत नाही. वर्षानुवर्षं नांगराचा फाळ एकाच खोलीवर फिरतो, मग रोटाव्हेटर वरची माती पीठ करतो आणि त्याची पाती खालची माती थापटत जातात. वरून ट्रॅक्टरचं वजन. वर पीठ आणि खाली तवा. माझी लेक धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकते, तिने आकडा सांगितला: जमिनीचा विरोध साधारण 2 मेगापास्कलच्या वर गेला की बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात. म्हणजे चौरस सेंटिमीटरवर वीस किलोचं ओझं. ज्याच्या टोकाला नखाएवढीही ताकद नाही त्या मुळाने हे ढकलायचं.

आता कोणी म्हणेल, काळी जमीन उन्हाळ्यात स्वतःच भेगाळते, तवा आपोआप फुटतो. थोडा फुटतो, हे खरं. भेगेतून मुळं खाली जातातही. पण पावसात खंड पडला की त्याच भेगा पुन्हा उघडतात आणि आडवी गेलेली मुळं ताडताड तुटतात. भेगेच्या दोन्ही काठांवर तुटलेले पांढरे धागे लोंबताना मी पाहिलेत.

सब-सॉयलर, म्हणजे खालचा थर फाडणारं ट्रॅक्टरचं अवजार, मारून बघितला. एक वर्ष बरं गेलं, पुढच्या वर्षी जमीन परत बसली. मग लेक सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "मम्मी, लोखंडाने नाही जमलं तर गवताने फोडून बघ."

ब्राझीलमधल्या शेतकऱ्यांबद्दल तिने वाचलं होतं. तिथे पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ नावाच्या शेतकऱ्याने 1972 मध्ये नांगर सोडला आणि न नांगरता पेरणी सुरू केली. आज त्या देशात तीन कोटी हेक्टरच्या वर विनानांगरट शेती आहे, आणि सोयाबीनच्या आधी बाजरी किंवा ब्रॅकियारिया गवत घ्यायची पद्धत बऱ्याच भागात आहे. हे ऐकून मी लगेच हुरळले नाही. त्यांची सोयाबीनपट्ट्यातली जमीन बहुतेक तांबडी, आम्लधर्मी, आणि पाऊस आमच्या दुप्पट. आमच्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही आला तर. शिवाय आपल्याकडे विनानांगरट नवीन नाही. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक) पद्धत गादीवाफ्यावर, मुळं जमिनीतच ठेवून करतात, हे मी ऐकून होते. मला हवं होतं ते एवढंच, की आधीच्या गवताचं मूळ आणि नंतरच्या सोयाबीनचं मूळ यांचं जमिनीखाली नेमकं काय होतं ते बघायचं.

आप्पांना सांगितलं. ते खाटेवर बसून तंबाखू मळत होते. मळायचे थांबले.

"गवत मारामा मना जलम गया, आनि तू पेरी ऱ्हायनी!"

त्यांचं चूक नाही. कुंदा आणि हराळी यांच्याशी ज्याने पन्नास वर्षं कुदळीने झुंज घेतली त्याला हे ऐकून झटका बसणारच. शेवटी वीस गुंठे मिळाले. बांधाकडचे, सगळ्यात वाईट.

पहिलं वर्ष, 2022, पार फसलं. मी चाऱ्याची ज्वारी दाट पेरली, मार्चमध्ये, कपाशीच्या ठिबकवर. विचार असा की वरचा चारा गाईंना होईल आणि मुळं जमिनीत राहतील. मे महिन्यात कापली. जूनचा पहिला पाऊस पडला आणि ती ज्वारी धसकटातून अशी फुटली की वावर पुन्हा हिरवं. ज्वारी कापली की मरत नाही, खोडवा देते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण चाऱ्याच्या लोभापुढे आठवलं नाही. ते कोवळे फुटवे गाईंनाही घालता येईनात, कोवळ्या ज्वारीने जनावराला विषबाधा होते ते वेगळंच. पांभर घातली तर धांडे फणांत अडकून दर दहा पावलांवर थांबायला लागलं. मग बायका लावून टोकलं. निम्मं उगवलं. जे उगवलं ते पिवळं पडलं आणि पिवळंच राहिलं.

ज्वारीचा बिवड, म्हणजे ज्वारीनंतरची जमीन, वाईट असं जुनी माणसं म्हणतात, त्याला कारण आहे. ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलिऑन नावाचं एक द्रव्य पाझरतं, ते शेजारच्या रोपांची वाढ दाबतं. त्यात ती ज्वारी जिवंत, म्हणजे पाणीही तीच पिणार.

मी ते वावर रोटाव्हेटरला देऊन टाकणार होते. पण बांधाच्या कडेच्या चार ओळी वेगळ्या दिसत होत्या. तिथलं सोयाबीन हिरवंगार. आधी वाटलं बांधाची माती धुऊन आली असेल. मग आठवलं: एप्रिलमध्ये खारींनी तिथली ठिबकची नळी कुरतडली होती आणि त्या चार ओळींतली ज्वारी गुडघ्याएवढी असतानाच वाळून मेली होती. पाऊस पडेपर्यंत तिची मुळं कुजून गेलेली. तिथलं एक झाड खणलं. सोटमूळ अकरा इंच, सरळ. गुडघा नाही.

खारींचे उपकार मी मानत नाही, त्या नळीला साडेतीनशे रुपये पडले. पण पुढच्या वर्षी काय करायचं ते मला त्या चार ओळींनी सांगितलं. गवत पाहिजे, पण पेरणीच्या वेळी ते मेलेलं पाहिजे. जिवंत मूळ सोयाबीनशी पाण्यावरून भांडतं. मेलेलं मूळ कुजतं आणि मागे एक नळी ठेवून जातं, एक-दोन मिलिमीटरची.

2023 ला ज्वारी सोडून बाजरी. 25 फेब्रुवारीला वीस गुंठ्यांत चार किलो, म्हणजे धान्यासाठी पेरतो त्याच्या पाचपट दाट. बाजरीला एकच सोटमूळ नसतं, बुडातून तंतुमुळांचा झुपका निघतो. एका झाडाची शेकडो मुळं सगळ्या बाजूंनी तवा टोचत राहतात. आणि पाणी कमी दिलं की ती खोल जातात. मी मुद्दाम पाळ्या लांबवल्या.

मारायची कधी, हा यातला खरा कस. पोटरीत असताना कापली तर पुन्हा फुटते. दाणा पक्का झाला तर झडतो आणि जूनमध्ये बाजरीच तण होऊन बसते. कणसात दूध भरलं की झाडाने सगळं वर लोटलेलं असतं, बुडात जोर उरत नाही. त्या वेळी लोळवली की उठत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दोन दिवस आधी बैलांमागे बाभळीचा ओंडका बांधला आणि उभी बाजरी आडवी केली. कापली नाही, उपटली नाही. आप्पा बांधावर पाठमोरे बसले होते. त्यांना ते बघवेना.

मग मी आखाजीला माहेरी शिरपूरला गेले. चार दिवस झोके, आंब्याचा रस, गप्पा. परत आले तर निम्म्या बाजरीचा पत्ता नाही. ठेलाऱ्यांचा मेंढ्यांचा कळप गावातून चालला होता, त्यांना वाटलं सोडून दिलेलं वावर आहे. दहा गुंठे जमिनीपासून साफ, मागे फक्त लेंड्या. मी रडायच्या बेतात होते. फोनवर लेक मात्र हसायला लागली. "मम्मी, हे तर प्लॉट पाडल्यासारखं झालं. एका बाजूला मुळं आणि वर काड, दुसऱ्या बाजूला नुसती मुळं. आणि शेजारी आप्पांचं रोटाव्हेटरचं वावर. तीन झाले!"

तर असा माझा प्रयोग मेंढ्यांनी आखून दिला.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जूनच्या शेवटी ओल पुरेशी झाल्यावर सोयाबीनचं जेएस 335 वाण टोकलं, तिन्ही तुकड्यांत एकच बियाणं, घरी गोणपाटात उगवण तपासलेलं. काडाच्या तुकड्यात दाताळ्याने ओळ मोकळी केली आणि मगच टोकणयंत्र फिरवलं. काड बाजूला केलं नाही तर चोच काडीसकट खाली जाते आणि बी मातीऐवजी काडीच्या घडीत बसतं. ओल लागत नाही, बी तसंच पडून राहतं. पहिल्या दोन ओळी मी अशा घालवल्या.

तीन आठवड्यांनी बाजरीच्या दोन्ही तुकड्यांतलं सोयाबीन फिकं दिसायला लागलं. आप्पांच्या वावरातलं काळंभोर. मी युरियाची गोणी काढून ठेवली होती. लेकीने फोनवरच अडवलं. बाजरीच्या काडात आणि मुळांत कर्ब फार आणि नत्र थोडं. ते कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते जमिनीतून ओढून घेतात. तेवढे दिवस पिकाला उपास. या जागी मका किंवा कपाशी असती तर मार खाल्ला असता. पण सोयाबीन स्वतःचं नत्र हवेतून घेतं, आणि जमिनीत आयतं नत्र कमी असलं की मुळांवर गाठी जास्त धरतं. युरिया टाकला की गाठी आळसावतात. आणखी दहा दिवस थांबले. एक झाड मातीच्या ढेकळासकट काढून रात्रभर बादलीत भिजत घातलं. असंच ओढून काढलं की गाठी मातीत राहतात आणि आपण म्हणतो गाठीच नाहीत. सकाळी चाळणीत धुतलं. गाठी अशा लगडलेल्या की मोजायचा कंटाळा आला. नखाने एक फोडली, आत गुलाबी. गुलाबी म्हणजे कामावर आहे. त्याच आठवड्यात पानांनी रंग धरला.

ऑगस्ट 2023 कोणी विसरणार नाही. 1901 पासून नोंदी आहेत, त्यात देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. आमच्याकडे ढग यायचे, वारा यायचा आणि दोघंही निघून जायचे. विसाव्या-बाविसाव्या तारखेला आप्पांच्या वावरात सकाळी अकरालाच सोयाबीनची पानं उलटी होऊन मागची पांढुरकी बाजू दाखवायला लागली. बाजरीच्या तुकड्यांत हे दुपारी दोननंतर दिसायचं, काड असलेल्या भागात काही दिवस अजिबात नाही.

24 तारखेला मी तीन चर खणले. सोळा इंच खोल, टिकावाने, ओळीला काटकोनात, मग खुरपीने भिंत तासून घेतली. आप्पांचं वावर: सात इंचांवर गुडघा, भेगांत माझी अख्खी मूठ जात होती. नुसत्या मुळांचा तुकडा: सोटमूळ सोळा इंचांपर्यंत दिसलं, पुढे चरच संपला. तव्याच्या थरात ते एका तपकिरी धाग्याबरोबर चाललं होतं. मी पिनने तो धागा उकलला. बाजरीच्या मुळाची साल, सापाच्या कातीसारखी पोकळ, आणि तिच्या आतून सोयाबीनचं पांढरं मूळ. शेजारी आणखी एक, आणखी एक. तवा फुटलेला नव्हताच! सळई अजूनही तिथे अडखळत होती. तव्याला फक्त भोकं पडली होती, आणि सोयाबीनला तेवढी पुरली.

मी आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, म्हणून लेकीला विचारलं. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये असंच दिसल्याचं तिने सांगितलं. तिथे मुळा आणि राय (गव्हासारखं एक तृणधान्य) या आच्छादन पिकांनंतर सोयाबीन घेतलं होतं, जमिनीत पारदर्शक नळी पुरून आत छोटा कॅमेरा सोडला होता, आणि सोयाबीनची मुळं आधीच्या पिकाच्या कुजलेल्या मुळांच्या वाटेनेच खाली जाताना दिसली. 2004 साली ते छापून आलं. त्यांनी कॅमेऱ्याने बघितलं, मी खुरपीने. नांगरणी न करण्याचं महत्त्व मला त्या चरात कळलं. बाजरी कितीही चांगली घेतली आणि मेमध्ये नांगर घातला, तर वरच्या या सगळ्या नळ्या चुरा होतात. बाजरीचा खर्च पाण्यात.

तिसऱ्या चरात, काडाच्या तुकड्यात, वेगळंच दिसलं. मुळं खाली गेली होतीच, पण काडाच्या लगेच खाली बारीक मुळांची जाळीही होती, जिवंत. उघड्या जमिनीत वरचे दोन इंच भाजून निघतात, तिथे मूळ टिकत नाही. इथे काड उचललं की बोटाला गारवा लागायचा. भेगा होत्या, पण बोट जाईल एवढ्याच. म्हणजे खालची वाट मुळांनी दिली आणि वरचा आसरा काडाने.

आप्पांना बोलावलं. ते चरात उतरले, गुडघे दुखतात तरी. भिंतीवर बोट फिरवलं. "मुया ते पार खाल गयात वं!" एवढंच म्हणाले आणि वर यायला हात मागितला.

उतारा सांगते. रोटाव्हेटरचे वीस गुंठे, 2 क्विंटल 10 किलो. नुसत्या मुळांचे दहा गुंठे, 1 क्विंटल 25 किलो. मुळं आणि काड, दहा गुंठे, 1 क्विंटल 55 किलो. एकरी काढलं तर सव्वाचार, पाच आणि सव्वासहा. हे एका वावरातले, एका वर्षाचे आकडे आहेत, आणि तेही कोरड्या वर्षाचे.

कारण 2024 ला पाऊस भरपूर झाला आणि सगळा थाट उतरला. काडाखाली वाणू किड्यांनी घर केलं आणि कोवळी रोपं बुडातून खाल्ली, दोनदा नांग्या भराव्या लागल्या. जमीन लवकर वाफशावर येईना. मुळं खणली तर दोन्हीकडे उथळच. वरच पाणी मिळत असताना कोण खाली जाईल? उतारा जवळजवळ सारखा, उलट आप्पांचा पंधरा-वीस किलो जास्त. त्यांनी ते आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. एक मात्र झालं, जोराचा पाऊस पडला की आमच्या तुकड्यातलं पाणी आत मुरायचं आणि त्यांच्या वावरातलं गढूळ होऊन बांध ओलांडायचं. त्याचा भाव कोणी देत नाही म्हणा. सोयाबीनलाच कुठे देतात, त्या वर्षी हमीभाव क्विंटलला 4892 होता आणि आम्ही विकलं 4100 ने.

कुंदा बाजरीने मरत नाही, तो खणूनच काढावा लागतो. नांगर बंद केल्यावर तर तो जास्तच माजतो. आणि मार्चमध्ये ज्याची विहीर आटते त्याने उन्हाळी बाजरीच्या नादी लागू नये. माझ्याकडे एप्रिलपर्यंत पाणी पुरतं म्हणून जमलं. पाणी नसणाऱ्यांसाठी मी यंदा दुसरं करून बघतेय: आप्पांच्याच तुकड्यात दादर काढून धसकटं तशीच ठेवली आहेत. दादर फेब्रुवारीत निघते, ओल संपलेली असते, त्यामुळे तिचा खोडवा फुटत नाही आणि जूनपर्यंत मुळं मेलेली असतात. हे मला त्या चार ओळींवरून सुचलं. सॉर्गोलिऑनची धाकधूक आहे. जुलैमध्ये चर खणेन तेव्हा दिसेल.

आप्पांनी आता वेगळाच हट्ट धरलाय, कपाशीच्या वावरातही बाजरी लोळवायची म्हणतात. मी नाही म्हणते आहे. कपाशीला गाठी नसतात, ती तीन आठवड्यांचा उपास सहन करणार नाही, मग युरिया ओतावा लागेल. हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू मळली.

परवा पाऊस नसताना पडवीतली सळई दिसेना. शोधून शोधून थकले. संध्याकाळी शेजारच्या वावरातले जिभाऊ भेटले, म्हणाले, "तुमचे आप्पा सकाळपासून आमच्या केळीत काहीतरी टोचत फिरताहेत, त्यांना सांगा ना, जमीन वाळलेली आहे, आता कुठे जाईल ती सळई."